अभिरूप संसदेत लोकपाल विधेयक: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सगळं सुरुवातीपासून

तुमच्या कॉलेजात अभिरूप संसद करायचं ठरलंय, विषय भ्रष्टाचारविरोधी कायदा आहे आणि तुम्ही हे पहिल्यांदाच करताय, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. आयोजक असाल तरी वाचा आणि खासदाराची भूमिका मिळाली असेल तरी वाचा, कारण दोघांना एकमेकांचं काम माहीत असलं की अर्ध्या अडचणी तिथेच संपतात.

बहुतेक ठिकाणी काय होतं की मुलं घरून भाषण पाठ करून येतात, भ्रष्टाचार ही समाजाला लागलेली कीड आहे वगैरे जोरात म्हणतात, बाकं वाजतात, एकदा सभात्याग होतो, आणि शेवटच्या पाच मिनिटांत आवाजी मतदानाने विधेयक मंजूर. सगळे खुश होऊन घरी जातात. पण कायदा असा होत नाही हो. कायदा होतो तो एकेका शब्दावर घासाघीस करून, तू हे सोड मी ते सोडतो असं करत करत, आणि ती घासाघीस मुलांना अनुभवायला मिळाली नाही तर मग वक्तृत्व स्पर्धाच घ्यावी, संसद कशाला. म्हणून खालचं सगळं एकाच गोष्टीसाठी आहे, वाटाघाट घडलीच पाहिजे अशी रचना करायची.

पहिलं काम: विधेयक निवडा आणि ते कापा

मी लोकपालच घ्या म्हणेन, म्हणजे केंद्रातल्या भ्रष्टाचाराच्या तक्रारींची चौकशी करणारी स्वतंत्र संस्था. एकतर त्याचा इतिहास मुलांना धरून ठेवतो. 'लोकपाल' हा शब्द १९६३ मध्ये एल. एम. सिंघवी यांनी सुचवला, १९६६ मध्ये मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने लोकपाल आणि राज्यांसाठी लोकायुक्त नेमायची शिफारस केली, १९६८ मध्ये पहिलं विधेयक आलं, १९६९ मध्ये लोकसभेने ते मंजूरही केलं, पण राज्यसभेत मंजूर व्हायच्या आत लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक गेलं. त्यानंतर कितीतरी वेळा आलं आणि गेलं. शेवटी २०११ मध्ये अण्णा हजारेंची उपोषणं झाली, एप्रिलमध्ये जंतरमंतरला आणि ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावर, तेव्हा कुठे गाडी हलली. डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा मंजूर केला, आणि पहिले लोकपाल न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष नेमले गेले ते मार्च २०१९ मध्ये. म्हणजे शब्द सुचल्यापासून माणूस खुर्चीत बसेपर्यंत छप्पन वर्षं. हे फळ्यावर नुसतं लिहिलं तरी वर्ग शांत होतो.

पण अख्खं विधेयक मुलांच्या हातात देऊ नका, ते लांबलचक आहे आणि कुणी वाचत नाही. त्यातले फक्त पाच मुद्दे उचला, दोन पानांत बसवा, बाकी सगळं 'मान्य आहे' असं धरून चाला. मी हे पाच घेतो: पंतप्रधान लोकपालाच्या कक्षेत असावेत का आणि कोणत्या अटींवर, लोकपाल निवडणार कोण, तपास करताना सीबीआयवर देखरेख कुणाची, खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा किती, आणि राज्यांमधल्या लोकायुक्ताबद्दल केंद्राने बोलायचं की नाही. या पाचही मुद्द्यांवर खरोखरच भांडणं झालेली आहेत, त्यामुळे मुलांना वाचायला भरपूर सापडतं आणि दोन्ही बाजूंना सांगण्यासारखं काहीतरी असतं. भ्रष्टाचार हवा की नको असा विषय ठेवला तर वाटाघाट होणार कशी, सगळेच नको म्हणणार.

एक बारीक गोष्ट, विधेयकात असतो तो 'खंड', आणि कायदा झाल्यावर त्याचंच होतं 'कलम'. मुलं सर्रास कलम म्हणतात, पहिल्याच दिवशी सांगून टाका.

मग ठरवा: कोणतं सभागृह, कोणता दिवस

इथे नवीन लोक नेहमी लोकसभा घेतात आणि तिथेच फसतात. लोकसभेत सरकारकडे बहुमत असतं, मग त्यांनी कुणाशी बोलायचं कशाला, मत टाकलं की झालं. राज्यसभा घ्या. आणि दिवस घ्या २९ डिसेंबर २०११.

त्या दिवशी काय झालं होतं ते मुलांना सांगा. २७ तारखेला लोकसभेने विधेयक मंजूर केलं, पण त्याच रात्री लोकपालाला घटनात्मक दर्जा देणारं घटनादुरुस्ती विधेयक पडलं, कारण त्याला साधं बहुमत पुरत नाही, एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं आणि शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश. मग २९ ला राज्यसभेत चर्चा, तिथे सरकारकडे स्वतःचं बहुमत नाही, दीडशेहून जास्त दुरुस्त्या आलेल्या, आणि मध्यरात्रीपर्यंत गदारोळ होऊन मतदान न होताच सभागृह तहकूब झालं. पुढे २०१२ मध्ये विधेयक प्रवर समितीकडे (विधेयक बारकाईने तपासणारी खासदारांची समिती) गेलं, तिथे बदल झाले, आणि मग २०१३ मध्ये ते पार पडलं. तुमची मुलं त्या दिवशी सकाळी सभागृहात बसतात, मध्यरात्र होऊ न देणं हे त्यांचं काम. वेळेचा असा दाब असला की बोलणी आपोआप सुरू होतात.

राज्यसभा घेतली की पीठासीन अधिकाऱ्याला 'सभापती महोदय' म्हणायचं, 'अध्यक्ष महोदय' लोकसभेत. आपल्याकडेही तसंच आहे, विधानसभेत अध्यक्ष आणि विधान परिषदेत सभापती. मुली खुर्चीत बसल्या तर 'सभापती महोदया'. छोटी गोष्ट आहे पण चुकली की बघणाऱ्यांमधलं कुणीतरी जाणकार हमखास टोकतं.

आकडे असे मांडा की कुणाचंच एकट्याचं चालणार नाही

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा चाळीस मुलं आहेत. एक सभापती, एक महासचिव, दोन पत्रकार (पत्रकार ठेवाच, का ते पुढे सांगतो), उरले छत्तीस, हे मतदान करणारे. सरकारी बाजूला पंधरा, मुख्य विरोधी पक्षाला अकरा, आणि उरलेले दहा चार छोट्या पक्षांत: तीन, तीन, दोन, दोन.

आता गंमत बघा. सगळे हजर असतील तर बहुमताला एकोणीस लागतात, म्हणजे सरकारला चार कमी पडतात. कुठलाही एक छोटा पक्ष पुरत नाही, किमान दोन लागतात, आणि त्या दोघांच्या मागण्या एकमेकांना छेद देणाऱ्या ठेवल्या की सरकारी पक्षाची खरी कसरत सुरू. मुख्य विरोधी पक्ष चिडून बाहेर गेला तर मात्र सभागृहात उरतात पंचवीस, बहुमत होतं तेरा, आणि पंधरावाले कुणालाही न विचारता विधेयक मंजूर करून घेतात! सभात्यागाचा हा हिशोब मुलांना आधी कुणी सांगितलेला नसतो. टीव्हीवर बघून त्यांना वाटतं सभात्याग म्हणजे निषेधाची जोरदार पद्धत, इथे कळतं की कधीकधी ती समोरच्याला केलेली मदत असते. उलट तीनवाला छोटा पक्ष बाहेर पडला तर उरतात तेहतीस, बहुमत सतरा, सरकारला चारऐवजी दोनच कमी, म्हणजे न बोलता बाहेर जाणं हीसुद्धा विकायची वस्तू होते. हे मी आधी सांगत नाही, कागदावर आकडेमोड करायला लावतो, त्यांचं त्यांना सापडलं की चेहरे बघण्यासारखे होतात.

मतं समसमान पडली तर सभापती निर्णायक मत देतात, एरवी मत देत नाहीत. गणसंख्या, म्हणजे कामकाज चालायला लागणारी किमान हजेरी, एक दशांश, म्हणजे तुमच्याकडे चार डोकी सभागृहात पाहिजेत, लॉबीत (सभागृहाबाहेर, आपसात बोलणी करायला) सगळे गेले की हे विसरतं.

खऱ्या पक्षांची नावं देऊ नका, हे माझं ठाम मत आहे. एकदा आम्ही दिली होती, दहा मिनिटांत लोकपाल बाजूला राहिला आणि तुमच्या राज्यात काय झालं, तुमच्या नेत्याने काय केलं हेच सुरू झालं, दोन मित्र तर नंतर आठवडाभर बोलत नव्हते. त्याऐवजी पक्ष ओळखायचा तो त्याच्या हितसंबंधांवरून. मी चार छोटे पक्ष असे ठेवतो: एक राज्यात सत्तेत असलेला प्रादेशिक पक्ष (तीन), एक सामाजिक न्यायाचा मुद्दा लावून धरणारा ज्याला लोकपाल संस्थेतच आरक्षण हवंय (तीन), एक कर्मचारी संघटनांच्या पाठिंब्यावर उभा असलेला ज्याला वाटतं खालच्या कर्मचाऱ्यांना उगाच छळलं जाईल (दोन), आणि एक ज्याच्या नेत्यावर आधीच चौकशी चालू आहे (दोन). शेवटच्यावाल्याला खलनायक करू नका. खोट्या तक्रारींची भीती हा खराच मुद्दा आहे, २०१३ च्या कायद्यातही खोट्या तक्रारीला एक वर्षापर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड ठेवलाच आहे.

प्रत्येकाच्या हातात एक बंद चिठ्ठी

भूमिका वाटताना नुसतं 'तू विरोधी पक्षनेता' असं सांगून सोडू नका. प्रत्येक पक्षाला बंद पाकिटात चिठ्ठी द्या, त्यात चार ओळी पुरतात. प्रादेशिक पक्षाची मी दिलेली चिठ्ठी जशीच्या तशी देतो:

'तुम्ही एका राज्यात सत्तेत असलेला पक्ष आहात, राज्यसभेत मतं ३. हवंय काय: लोकायुक्त कसा असावा हे राज्याने ठरवावं. सोडू शकता: पंतप्रधानांबद्दलचा खंड, त्यात तुमचं काही अडकलेलं नाही. अजिबात सोडायचं नाही: राज्याच्या अधिकाऱ्यांवर केंद्राच्या संस्थेची देखरेख. कुणालाही सांगायचं नाही: पुढच्या वर्षी तुमच्या राज्यात निवडणूक आहे, लोकपाल तुमच्यामुळे पडला असं पेपरात आलेलं तुम्हाला परवडणार नाही.'

ती शेवटची ओळ सगळं चालवते. बाहेरून हा पक्ष कडक दिसतो, आतून त्याला विधेयक मंजूर व्हायलाच हवंय, आणि समोरच्याने नीट प्रश्न विचारले तर त्याला हे हळूहळू कळतं. म्हणूनच पत्रकार लागतात. ते दर अर्ध्या तासाला फळ्यावर दोन ओळींची बातमी लिहितात, आणि 'प्रादेशिक पक्षामुळे लोकपाल अडला?' असं एक वाक्य फळ्यावर आलं की तिघंही पळत सरकारी बाकांकडे जातात.

प्रतोद आणि पक्षांतरबंदी समजावून सांगा

नवीन मुलं एकेका खासदाराला गाठून पटवत बसतात. अरे पण १९८५ पासून घटनेचं दहावं परिशिष्ट आहे ना, पक्षाने व्हिप (मत कसं द्यायचं याचा आदेश) काढला आणि तुम्ही परवानगी न घेता विरोधात मत दिलंत किंवा गैरहजर राहिलात तर सदस्यत्व जाऊ शकतं, पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तरच वाचता. म्हणजे एकट्या खासदाराला पटवून उपयोग काय, पक्षाला पटवावं लागतं. प्रत्येक पक्षात एक प्रतोद नेमा, मतदानाआधी पाच मिनिटं तो लेखी व्हिप काढेल, पक्षाच्या आत वाद असेल तर तो त्या पाच मिनिटांच्या आधी मिटवायचा. मी प्रतोदाची भूमिका मुद्दाम कमी बोलणाऱ्या मुलाला किंवा मुलीला देतो, भाषण करायचं नसतं पण सगळ्यांचं ऐकून डोकी मोजायची असतात, आणि अशी मुलं ते फार छान करतात.

आणि एक प्रश्न येणारच, 'सर, आम्ही त्यांना मंत्रिपद देऊ का? पैसे देऊ का, खोटे खोटे?' हसण्यावारी नेऊ नका, विषयच तो आहे. सांगा की १९९३ च्या अविश्वास प्रस्तावात मतांसाठी पैसे घेतल्याचं प्रकरण झालं होतं, त्यावर १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने असा निकाल दिला की पैसे घेऊन सभागृहात त्याप्रमाणे मत देणाऱ्या खासदाराला घटनेच्या कलम १०५ च्या विशेषाधिकाराचं संरक्षण आहे, आणि हा निकाल सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने ४ मार्च २०२४ ला रद्द ठरवला, लाच घेणाऱ्याला असं कोणतंही संरक्षण नाही असं एकमताने सांगितलं. खंडाच्या बदल्यात खंड, समितीतली जागा, भाषणाला वेळ, हे राजकारण आहे, ते चालेल. पैसा किंवा वैयक्तिक फायदा चालणार नाही, कुणी ऑफर केलं तर सभापतींकडे तक्रार आणि त्या पक्षाचा तो सौदा बाद. ही रेघ कुठे आहे यावर मुलांनी दहा मिनिटं वाद घातला तर घालू द्या, थांबवू नका.

दुरुस्ती लिहायला शिकवा, हे एक आधी सराव करून घ्या

'आमचा या खंडाला विरोध आहे' ही दुरुस्ती नव्हे. दुरुस्ती म्हणजे कुठला शब्द काढायचा आणि त्या जागी कुठला घालायचा. असं:

'खंड ३, ओळ २, "शक्य तितक्या लवकर" या मजकुराऐवजी "तक्रार मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत" हा मजकूर दाखल करावा.'

बस एवढंच. आदल्या आठवड्यात एक तास काढून प्रत्येकाकडून दोन दुरुस्त्या लिहून घ्या आणि त्या सगळ्यांसमोर वाचा. मुलांना पहिल्यांदा कळतं की 'शक्य तितक्या लवकर' म्हणजे काहीच नाही. आमच्याकडे एका मुलीने निवड समितीच्या खंडावर हात वर करून विचारलं होतं की लोकसभेत विरोधी पक्षनेताच नसेल तर काय, आणि मी तेव्हा थक्क झालो कारण नेमकं तेच २०१४ नंतर घडलं. कायद्यात निवड समिती म्हणजे पंतप्रधान, लोकसभा अध्यक्ष, लोकसभेतले विरोधी पक्षनेते, सरन्यायाधीश किंवा त्यांनी सुचवलेले न्यायाधीश, आणि एक नामवंत कायदेतज्ज्ञ अशी पाच माणसं, पण २०१४ च्या लोकसभेत कुणालाच अधिकृत विरोधी पक्षनेतेपद मिळालं नाही, आणि नेमणूक रखडायला जी कारणं सांगितली गेली त्यातलं हे एक. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की आहे तसा कायदाही राबवता येतो. 'किंवा सर्वात मोठ्या विरोधी पक्षाचा नेता' एवढे शब्द आधी असते तर... तिने ती दुरुस्ती लिहिली आणि सभागृहात ती एकमताने मंजूर झाली.

प्रत्यक्ष दिवस

साधारण चार तास धरा. वीस मिनिटं विधेयक मांडणं आणि मंत्र्यांचं निवेदन, चाळीस मिनिटं तत्त्वांवर चर्चा (बोलणाऱ्याला तीन मिनिटं, घंटा वाजली की बस, सभापतींनी इथे अजिबात ढिलाई करायची नाही), मग सव्वा तास लॉबी, मग तासभर खंडशः चर्चा आणि मतदान, वीस मिनिटं तिसरं वाचन (अख्ख्या विधेयकावर शेवटची चर्चा आणि मतदान), आणि शेवटचा अर्धा तास भूमिका उतरवून बोलायला. वेळ कमी पडला तर भाषणं कापा, लॉबी कापू नका.

लॉबीत आयोजकांनी गप्प बसायचं. मी एकदा खिडकीपाशी उभा होतो, सरकारी पक्षाचा एक मुलगा आणि प्रादेशिक पक्षाची नेता असलेली मुलगी बाजूला बोलत होते, वीस मिनिटं झाली तरी एकच वाक्य चाललं होतं. ती म्हणायची, 'आमच्या राज्यात लोकायुक्त कसा असावा ते दिल्लीने का सांगायचं?' तो म्हणायचा, 'मग काही राज्यं करणारच नाहीत.' पुन्हा तेच, पुन्हा तेच. मग तो जरा थांबला आणि त्याने विचारलं, 'बरं, तुझा राग कशावर आहे, लोकायुक्त असण्यावर का आम्ही सांगण्यावर?' ती म्हणाली, 'सांगण्यावर.' 'मग तू कर ना तुझा कायदा. कसा करायचा ते तू ठरव. आम्ही फक्त कधीपर्यंत ते लिहितो.' तिने प्रतोदाकडे बघितलं, त्याने मान हलवली, आणि तिने वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं: 'प्रत्येक राज्याने एका वर्षाच्या आत स्वतःच्या कायद्याने लोकायुक्त स्थापन करावा.'

माझ्या अंगावर काटा आला होता, कारण २०१३ च्या कायद्याचं कलम ६३ जवळजवळ हेच आहे. २०११ च्या विधेयकात राज्यांसाठी लोकायुक्ताची तपशीलवार तरतूद होती, राज्यांच्या अधिकारावर गदा येते म्हणून राज्यसभेत प्रचंड विरोध झाला, आणि शेवटी तोडगा निघाला तो हाच की मुदत केंद्राची, कायदा राज्याचा. दोघांपैकी कुणीही कलम ६३ वाचलेलं नव्हतं.

त्या मुलाने जे केलं ते शिकवण्यासारखं आहे. तुम्हाला खासदाराची भूमिका मिळाली असेल तर एवढं लक्षात ठेवा, समोरचा काय म्हणतोय ते नुसतं ऐकू नका, तो तसं का म्हणतोय ते विचारा. आणि तोंडी काही ठरवू नका. ठरलं की तिथल्या तिथे कागदावर, दोघांच्या सह्या, आणि एक प्रत महासचिवांकडे. तोंडी ठरलेलं सभागृहात गेल्यावर 'मी असं म्हणालोच नव्हतो' होतं, दरवर्षी होतं.

दुसरं, सगळे पत्ते एकदम टाकू नका आणि सोडायच्या गोष्टी फुकट सोडू नका. प्रादेशिक पक्षाला पंतप्रधानांच्या खंडाशी काही देणंघेणं नाही ना, पण सरकारला हे माहीत नाही. मग 'आम्ही त्या खंडावर तुमच्याबरोबर राहू, पण लोकायुक्ताचं आमचं ऐका' असं म्हणता येतं. पंतप्रधानांच्या खंडावर अडलात तर मधल्या वाटा भरपूर आहेत, खऱ्या कायद्यातल्या बघा: पंतप्रधान कक्षेत आहेत, पण आंतरराष्ट्रीय संबंध, अंतर्गत आणि बाह्य सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, अणुऊर्जा आणि अवकाश या विषयांतल्या आरोपांची चौकशी नाही, बाकी आरोपांसाठी लोकपालाच्या पूर्ण पीठाने विचार करून किमान दोन तृतीयांश सदस्यांनी मंजुरी द्यायची, आणि चौकशी बंद दाराआड. म्हणजे हो किंवा नाही एवढेच दोन पर्याय नसतात, विषय वगळता येतो, मंजुरीचा आकडा वाढवता येतो, कामकाज गुप्त ठेवता येतं. सीबीआयचंही तसंच, अख्खी संस्था लोकपालाकडे द्यायची नाही पण लोकपालाने सोपवलेल्या प्रकरणांपुरती देखरेख द्यायची आणि तपास अधिकाऱ्याची बदली लोकपालाच्या संमतीशिवाय करायची नाही, असा मधला रस्ता निघाला होता. सामाजिक न्यायवाल्या पक्षासाठीही कायद्यात आहे, लोकपालाच्या सदस्यांपैकी किमान निम्मे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक आणि महिलांमधून. हे सगळं मुलांना आधी सांगू नका बरं का, शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवा.

सरकारी पक्ष कधीतरी धमकी देईल, 'राज्यसभेने अडवलं तर संयुक्त बैठक बोलवू.' देऊ द्या, घटनेच्या कलम १०८ मध्ये सोय आहे, पण ती आजवर तीनच विधेयकांसाठी वापरली गेली, १९६१ मध्ये हुंडाबंदी, १९७८ मध्ये बँक सेवा आयोग आणि २००२ मध्ये पोटा हा दहशतवादविरोधी कायदा. विरोधकांनी हे पाठ करून यावं.

सभागृहात परत आल्यावर सभापतींनी ठरलेली वाक्यं वापरायची, आधी कार्डावर लिहून द्या: 'प्रस्ताव मतास टाकत आहे. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. होयचे बहुमत आहे असे दिसते.' कुणी मतविभागणी मागितली तर घंटा वाजवायची, लॉबी रिकामी करून दारं लावायची आणि डोकी मोजायची. आधी दुरुस्ती मतास, मग दुरुस्तीसह खंड, शेवटी अख्खं विधेयक, हा क्रम उलटा झाला की सगळा गोंधळ. प्रत्येक खंडाचा निकाल महासचिवांनी मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहीत जायचा.

शेवटचा अर्धा तास: एक तक्रार चालवून बघा

निकाल लागला की टाळ्या वाजवून उठू नका. आता एक काल्पनिक तक्रार घ्या, अगदी साधी: एका बाईंना खात्री आहे की एका केंद्रीय खात्यातल्या अधिकाऱ्याने कंत्राट देताना पैसे घेतले, त्यांच्याकडे दोन कागद आहेत, आणि त्या घाबरलेल्या आहेत. ही तक्रार तुम्ही आत्ता मंजूर केलेल्या विधेयकातून पुढे न्या. ती कुणाकडे द्यायची? किती दिवसांत बघणार? प्राथमिक चौकशी कोण करणार? तोपर्यंत त्या अधिकाऱ्याला त्याच खुर्चीत ठेवायचं का? खटला भरायला परवानगी कोण देणार? तक्रार सिद्ध झाली नाही तर बाईंना तुरुंग का? सिद्ध न होणं आणि मुद्दाम खोटी असणं यात तुमच्या मजकुरात फरक केलाय का? प्रत्येक टप्प्यावर फळ्यावर खंडाचा आकडा आणि दिवस लिहायचे.

गेल्या वेळी आमची तक्रार खटल्याच्या परवानगीपाशी अडकली. मूळ कायद्यात ही परवानगी द्यायचा अधिकार लोकपालाकडेच दिलाय, पण आमच्या मुलांनी लॉबीतल्या सौद्यात तो परत सरकारकडे दिला होता, आणि मुदत घालायचं कुणालाच सुचलं नाही. पूजा नावाची त्या काल्पनिक बाईंची भूमिका करणारी मुलगी फळ्यासमोर उभी, हातात दोन कागद, आणि पुढचा दिवस लिहायला आकडाच नाही. कर्मचारीवाल्या पक्षाचा नेता उठून म्हणाला, सर ते चुकलंच, आत्ता बदलतो. सभापतींनी नियम वाचून दाखवला की तिसऱ्या वाचनात फक्त शाब्दिक आणि अनुषंगिक दुरुस्त्या चालतात आणि विधेयक तर मंजूर झालंय, आता बदलायचं तर नवं दुरुस्ती विधेयक आणावं लागेल. तो खाली बसला, बाजूच्याकडून पेन घेतलं आणि लिहायला लागला.

ते पान जपून ठेवा, पुढच्या वर्षीच्या बॅचला विधेयक म्हणून तेच द्या.